अरियानाला लागलेला मंत्र कोणाचा? डंबलडोरच्या घरच्या गोष्टीवरच्या फॅन थिअरी, सोप्या भाषेत

हॅरी पॉटरच्या सातव्या पुस्तकात एका १४ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची हकिकत येते. हॅरीचा जन्मही झालेला नव्हता तेव्हाची, १८९९ सालची. एका घरात तिघांची जुंपली, तिघांच्याही हातात जादूच्या छड्या, मंत्रांवर मंत्र सुटत होते आणि ती मध्ये आली. तिला लागलेला मंत्र कोणाचा, हे पुस्तक मिटेपर्यंत कळत नाही. त्या तिघांतला एक म्हणजे पुढे हॉगवर्ट्सचा मुख्याध्यापक झालेला अल्बस डंबलडोर. ती मुलगी त्याची सख्खी धाकटी बहीण, अरियाना.

हे पुस्तक २००७ साली आलं. तेव्हापासून जगभरचे वाचक या एका प्रश्नावर भांडताहेत. इथं सोलापुरात माझी भाची आणि तिची दोस्तमंडळीही त्यात सामील आहेत. ज्यांनी नुसते सिनेमे बघितलेत त्यांना या भांडणातलं ओ की ठो कळत नाही, कारण २०११ च्या शेवटच्या सिनेमात ही घरची गोष्ट दोनचार वाक्यांत उरकलीय. हा लेख त्यांच्यासाठी, आणि ‘ही पोरं कुणाच्या बहिणीबद्दल एवढ्या तावातावानं बोलतात?’ असं विचारणाऱ्या आईबापांसाठी. पुस्तकं वाचायची राहिली असतील तर इथंच थांबा. पुढं सगळं फोडून सांगितलंय.

आधी घर बघू. आई केंड्रा, वडील पर्सिव्हल, थोरला अल्बस, मधला अ‍ॅबरफोर्थ, धाकटी अरियाना. अरियाना सहा वर्षांची असताना अंगणात जादू करत होती. शेजारच्या तीन पोरांनी कुंपणातून ते पाहिलं. ती जादूगार घरांतली पोरं नव्हती. पुन्हा करून दाखव म्हणाली, तिला ते जमलं नाही, तेव्हा त्यांनी तिला मारलं. या मारानं ती कायमची बिथरली. जादू करायची नाही म्हणून ती आतल्या आत दाबायची, आणि मग ती कधीतरी स्फोटासारखी बाहेर यायची. बापानं त्या पोरांवर हल्ला केला आणि त्याची रवानगी अ‍ॅझकाबानच्या तुरुंगात झाली. हल्ला का केला ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलीला कायमचं इस्पितळात डांबलं असतं. तो तुरुंगातच मेला. आई मुलांना घेऊन दुसऱ्या गावी आली आणि मुलगी आजारी असते एवढंच शेजाऱ्यांना सांगत राहिली.

अल्बस शाळेत पहिला. सगळी बक्षिसं त्याची. शिक्षण संपलं आणि तो मित्राबरोबर जगप्रवासाला निघायच्या बेतात होता. तेवढ्यात अरियानाच्या एका उद्रेकात आई गेली, आणि अठराच्या आसपासचा अल्बस घराचा कर्ता झाला. अ‍ॅबरफोर्थ म्हणाला, मी शाळा सोडतो, बहिणीला मी बघतो. अल्बस म्हणाला, तू शिक्षण पुरं कर.

सोलापूरच्या कुठल्याही गल्लीत हे दोन भाऊ सापडतील. एक बोर्डात चमकलेला, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेलेला, तिथून आणखी पुढं जायची स्वप्नं बघणारा. दुसरा कमी मार्कांचा, तिरसट, पण घरातलं दुखणाईत माणूस ज्याच्या हातून दोन घास खातं तो. पुस्तकात हे अगदी असंच आहे. आईच्या हातून खायची नाही तेव्हाही अरियाना अ‍ॅबरफोर्थच्या हातून खायची. तो तिला शांत करायचा. ती त्याच्याबरोबर बकऱ्यांना चारा घालायची.

मग गावात ग्रिंडेलवाल्ड आला. वय १६, शाळेतून काढून टाकलेला, देखणा आणि अल्बसच्या तोडीचा हुशार. शेजारच्या म्हातारीकडे पाहुणा म्हणून आलेला. दोघांची गट्टी जमली. जादूगारांनी बाकीच्या जगावर राज्य करायचं, तेही त्या जगाच्या भल्यासाठी, असले बेत पत्रांतून शिजू लागले. हे सगळं दोनच महिने चाललं. शेवटी अ‍ॅबरफोर्थनं दोघांना तोंडावर सुनावलं, की आजारी बहिणीला घेऊन कुठं फिरणार आहात तुम्ही? ग्रिंडेलवाल्ड पिसाळला. अ‍ॅबरफोर्थनं छडी काढली, ग्रिंडेलवाल्डनं त्याच्यावर यातनेचा शाप टाकला, अल्बस थांबवायला मध्ये पडला आणि तिघंही एकमेकांवर तुटून पडले. उजेडानं, धडाक्यांनी अरियाना बिथरली. बहुतेक मदत करायला म्हणून पुढं आली, आणि मेली. ग्रिंडेलवाल्ड पळाला. अंत्यविधीच्या वेळी अ‍ॅबरफोर्थनं अल्बसचं नाक फोडलं. ते वाकडं नाक डंबलडोरच्या चेहऱ्यावर पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणापासून आहे. ते वाकडं का, हे मात्र सातव्या पुस्तकात कळतं.

आता फॅन थिअरी म्हणजे काय ते एका दमात सांगतो. लेखकानं जे सांगितलं नाही ते, लेखकानं जे सांगितलंय त्याच्या आधारानं, वाचकांनी जुळवलेलं. पुस्तकात छापून आलेल्या गोष्टीला ही मंडळी ‘कॅनन’ म्हणतात. तिच्याखालोखाल लेखिकेनं मुलाखतींत सांगितलेलं, आणि त्याच्याही खाली सिनेमे. भांडणं बहुतेक याच उतरंडीवरून होतात. गंमत अशी, की डंबलडोर घराण्यावरची पहिली थिअरी पुस्तकातच मांडली जाते, आणि तीही लग्नघरात. हॅरीच्या मित्राच्या, म्हणजे वीझलींच्या घरच्या लग्नात म्युरिएल नावाची म्हातारी येते आणि पाहुण्यांसमोर सांगत सुटते, की ती पोर जादू न येणारी होती म्हणून आईनं लाजेनं तळघरात कोंडली होती. आपल्याकडं पंगतीत सांगतात तसंच, ठासून आणि पुराव्याशिवाय. यातली पोर घराबाहेर दिसत नव्हती एवढाच भाग खरा निघतो. कारण साफ चुकीचं.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. यंदा गड्ड्याच्या जत्रेहून ही सगळी पोरं ताईच्या घरी जेवायला आली होती. कडक भाकरी, दही, शेंगाचटणी. भाचीच्या एका मित्रानं स्टीलचे तीन पेले त्रिकोणात मांडले आणि मधोमध चटणीची वाटी ठेवली. हा मुलगा घरी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी, आणि वादात दोन्ही. “हा ग्रिंडेलवाल्ड, हा अल्बस, हा अ‍ॅबरफोर्थ. आता ही वाटी कुठल्या बाजूनं आत आली सांग.” भाची म्हणाली, “काय बे, कोण कुठं उभं होतं हे पुस्तकात दिलंय का?” त्यानं पेला उचलून पाणी पिऊन टाकलं. वाद तिथंच खुंटला.

भाचीचं म्हणणं बिनतोड आहे. त्या दिवसाचे आपल्याकडं दोनच जबाब. एक अ‍ॅबरफोर्थचा, जवळजवळ शंभर वर्षांनी सांगितलेला, आणि त्यात तो स्वतःच म्हणतो की आमच्यापैकी कोणीही असू शकेल. दुसरा अल्बसचा. तो तर मेल्यानंतर हॅरीशी बोलतो, आणि ते बोलणं हॅरीच्या डोक्यातलं की खरं हेही पुस्तक मुद्दाम मोकळं ठेवतं. एवढ्या भांडवलावर खटला उभा राहत नाही.

तरी लोक उभा करतात. सर्वांत लाडकी थिअरी म्हणजे ग्रिंडेलवाल्डनं मारलं. तोच सर्वांत क्रूर, यातनेचा शाप त्यानंच वापरला, आणि पळालाही तोच. मला ही थिअरी आळशी वाटते. वाईट माणसानंच वाईट केलं म्हटलं की सगळे सुटले. एक टोकाची थिअरी अ‍ॅबरफोर्थवर येते, कारण छडी आधी त्यानं काढली. तिच्यात तर्क आहे, पण ती मांडणारेसुद्धा जरा चाचरत मांडतात. तिसरी म्हणते, कोणाचाच मंत्र नव्हता, तिची स्वतःचीच दाबलेली जादू फुटली. आई अशीच गेली होती, त्यामुळं हे पटण्यासारखं आहे. २०१६ च्या ‘फँटास्टिक बीस्ट्स’ सिनेमात ‘ऑब्स्क्युरस’ आला. जादू दाबून ठेवलेल्या मुलांच्या अंगात वाढणारी काळी शक्ती. तेव्हा या थिअरीला चांगलंच बळ मिळालं. अडचण एकच. आपल्यापैकी कोणाच्या शापानं ती गेली हे मला कधीच कळलं नाही, असं अल्बस म्हणतो. म्हणजे शाप होता, आणि तो तिघांपैकी एकाचा होता, यात त्याला शंका नाही.

या सगळ्यांत मला आवडणारी थिअरी एका साध्या प्रश्नातून निघते. चौथ्या पुस्तकात, म्हणजे २००० साली आलेल्या पुस्तकात, एक मंत्र दाखवलाय. कुठल्याही छडीवर तो टाकला की त्या छडीनं केलेली शेवटची जादू दिसते. मग अल्बसनं स्वतःची छडी तपासली का नाही? एवढा मोठा जादूगार, त्याला हे सुचलं नसेल? थिअरी म्हणते, सुचलं होतं, पण त्याला जाणून घ्यायचंच नव्हतं. याला पुस्तकात भक्कम आधार आहे. ग्रिंडेलवाल्ड युरोपात हैदोस घालत होता, लोक डंबलडोरकडं गाऱ्हाणी घेऊन येत होते, आणि तो त्याच्यासमोर जायचं टाळत राहिला. कारण तो स्वतःच सांगतो. मंत्र कोणाचा हे ग्रिंडेलवाल्डला ठाऊक असेल, आणि तो ते तोंडावर सांगेल, याची त्याला भीती होती. शेवटी १९४५ साली तो गेला, जिंकला. मधल्या ४६ वर्षांतली शेवटची बरीच वर्षं या भीतीच्या खाती जातात.

१९४५ हे साल पहिल्या पुस्तकातच आहे, बरं का. हॅरी पहिल्यांदा शाळेच्या गाडीत बसतो तेव्हा चॉकलेटच्या वेष्टनात त्याला डंबलडोरचं चित्र असलेलं कार्ड मिळतं, आणि ग्रिंडेलवाल्डला हरवल्याचा उल्लेख त्यावर छापलेला असतो. १९९७ पासून २००७ पर्यंत सगळ्यांनी ते वाचलं आणि पुढचं पान उलटलं.

पेले-वाटीचा वाद चालू असताना ताई भाकरी वाढत होती. तिनं एकही पुस्तक वाचलेलं नाही. गोष्ट ऐकून ती एवढंच म्हणाली, “आई गेल्यावर त्या पोरीच्या खाण्यापिण्याचं कोण बघत होतं?” पोरं गप्प. मला विचाराल तर डंबलडोरच्या टोचणीचं मूळ तिथं आहे, छडीत नाही. हॅरीशी शेवटचं बोलताना तो दोन गोष्टी वेगळ्या काढतो. माझ्या उर्मटपणामुळं आणि मूर्खपणामुळं ती गेली, हे तो मान्यच करतो. त्यावर वाद नाही. शेवटचा घावही माझाच होता की काय, ही भीती त्याच्यावरची. म्हणजे मंत्र ग्रिंडेलवाल्डचा निघाला असता तरी पहिली गोष्ट जागची हलत नव्हती. दोन महिने घरात आजारी बहीण होती आणि हा जगाच्या भल्याचे कागद लिहीत होता. मला चमकायचं होतं, मला घरातून सुटायचं होतं, असं तो सरळ म्हणतो. थिअरी तपासायची माझी कसोटी हीच. जी थिअरी या दोन महिन्यांना हात लावत नाही, ती मनोरंजनापुरती ठीक.

या कसोटीला उतरणाऱ्या थिअरी बघा. पहिल्या पुस्तकात एक आरसा आहे, बघणाऱ्याच्या मनातली सर्वांत खोल इच्छा दाखवणारा. हॅरीला त्यात मेलेले आईबाप दिसतात. तो डंबलडोरला विचारतो, तुम्हाला काय दिसतं? तो म्हणतो, जाड लोकरीचे मोजे. लोक मला नुसती पुस्तकंच भेट देतात. हॅरीलाही नंतर वाटतं की म्हातारा खरं बोलला नसावा. वाचकांनी तर्क केला, की ज्या अर्थी मोजे कोणी देत नाही, त्या अर्थी देणारं घरचं माणूस उरलेलं नाही. २००७ च्या जुलैत वाचकांशी झालेल्या ऑनलाइन गप्पांत लेखिका जे. के. रोलिंग यांनी सांगून टाकलं, की त्याला त्याचं कुटुंब दिसतं. सगळे जिवंत, धडधाकट, आणि अ‍ॅबरफोर्थशी दिलजमाई झालेली. त्याच गप्पांत त्यांनी हेही सांगितलं, की समोरच्याची सर्वांत मोठी भीती बनून येणारा बोगार्ट डंबलडोरपुढं आला तर बहिणीचं प्रेत बनेल. २०१८ च्या सिनेमात याच आरशात त्याला ग्रिंडेलवाल्ड दिसतो, त्यावरून पुष्कळ आरडाओरडा झाला. मला त्यात विसंगती वाटत नाही. तो सिनेमा १९२७ सालात घडतो, हॅरी शाळेत येतो १९९१ मध्ये. मधल्या काळात माणसाची ओढ बदलू शकते.

सहाव्या पुस्तकातली गुहा तर अंगावर येते. तिथं डंबलडोर एक विषारी पेय पितो आणि लहान पोरासारखा विनवू लागतो. सगळी चूक माझी, त्यांना मारू नका, मला मारा. हे पुस्तक २००५ साली आलं, आणि पुढची दोन वर्षं हे ‘त्यांना’ म्हणजे कोणाला यावर थिअरींचा नुसता पाऊस पडला. सातव्या पुस्तकात हॅरी स्वतःच कोडं सोडवतो. तो अ‍ॅबरफोर्थला सांगतो, की त्या रात्री तुमचा भाऊ मनानं तुमच्या घरातल्या त्या भांडणात होता. अ‍ॅबरफोर्थचं तोवर ठाम मत, की अल्बस बहिणीच्या मरणातून केव्हाच मोकळा झाला. ते ऐकल्यावर तो लगेच विरघळत वगैरे नाही, आणि हे मला फार खरं वाटतं.

आणि अंगठी. सहाव्या पुस्तकात डंबलडोरचा हात जळून काळा पडलेला दिसतो. एवढा शहाणा माणूस शापित अंगठी बोटात घालेल कशाला? उत्तर असं, की त्या अंगठीत मेलेल्यांना परत बोलावणारा खडा होता. तो बघताच बाकी सगळं विसरून त्यानं अंगठी चढवली. आई, बाप आणि अरियाना, त्यांना भेटून माफी मागायची होती. शाळेतला शिक्षक स्नेप यानं शाप हातापुरता रोखला तरी आयुष्य जेमतेम वर्षभर उरलं. म्हणजे त्या टोचणीनंच अखेर त्याचा जीव घेतला. ही थिअरी नाही, सरळ कॅनन आहे.

इथंच एका फार गाजलेल्या थिअरीशी माझं पटत नाही. पुस्तकात तीन भावांची एक कथा आहे. त्यांना मृत्यूकडून तीन वस्तू मिळतात. थोरल्याला अजिंक्य छडी, मधल्याला हा खडा, धाकट्याला अदृश्य करणारा झगा. थिअरी म्हणते, थोरला भाऊ म्हणजे मालिकेचा खलनायक व्होल्डेमॉर्ट, मधला स्नेप, धाकटा हॅरी, आणि मृत्यू म्हणजे डंबलडोर. २०१५ साली रोलिंग यांनीही ही सुंदर आणि चपखल थिअरी असल्याची पावती दिली. असेल. पण स्नेपच्या हाती खडा कधी आलाच नाही. मेलेल्या माणसाच्या ओढीनं खड्यापायी जीव गमावणारा मधला भाऊ म्हणजे डंबलडोर स्वतः. मृत्यूचा थाटमाट त्याला देऊन आपण त्याला उगाच मोठं करतो.

राहिला हॅरी. ‘डंबलडोर मुळात दुष्टच’ असं मानणारा एक मोठा गट आहे. बहुतांचं भलं म्हणत १८९९ मध्ये बहिणीकडं दुर्लक्ष केलं, तसंच पुढं हॅरीला योग्य वेळी मरण्यासाठी वाढवलं, हा त्यांचा मुद्दा. सातव्या पुस्तकात स्नेपसुद्धा हेच तोंडावर म्हणतो, त्यामुळं मुद्दा हलका नाही. पण २००३ च्या पाचव्या पुस्तकाचा शेवट वाचा. तिथं डंबलडोर कबूल करतो, की हॅरीला त्याच्याबद्दल आणि व्होल्डेमॉर्टबद्दल झालेली भविष्यवाणी सांगायला हवी होती, पण या एका पोराचं सुख मला नाव-चेहरा नसलेल्या हजारो लोकांपेक्षा मोठं वाटलं, म्हणून मी गप्प राहिलो. १८९९ चा हिशेब इथं बरोब्बर उलटा झालाय. जगापायी घरातल्या एकीला विसरलेला माणूस म्हातारपणी एकापायी जगाला धोक्यात घालतो. दोन्हीकडं चुकतो. मंत्रीपद त्यानं पुन्हा पुन्हा नाकारलं त्याचंही कारण हेच. सत्ता हातात आली की आपण कसे होतो ते त्याला अठराव्या वर्षी कळलं होतं.

सिनेमांनी केलेला घोळ थोडक्यात. २०१८ च्या सिनेमाच्या शेवटी ग्रिंडेलवाल्ड क्रीडन्स नावाच्या मुलाला सांगतो, की तू डंबलडोरचा भाऊ. चाहत्यांनी लगेच सालं मांडली. बाप १८९०च्या सुमारास तुरुंगात गेला, आई १८९९ ला वारली, आणि हा मुलगा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. भाऊ होणार कसा? २०२२ च्या सिनेमात तो अ‍ॅबरफोर्थचा मुलगा असल्याचं दाखवून गाडी रुळावर आणली. भाचीच्या गटात ही भानगड कोणी फारशी मनावर घेत नाही.

नव्यानं वाचणाऱ्यांनी सातव्या पुस्तकाचं २८ वं आणि ३५ वं प्रकरण पाठोपाठ वाचावं. पहिल्यात अ‍ॅबरफोर्थ बोलतो, दुसऱ्यात अल्बस. मध्ये सहा प्रकरणं आणि एक लढाई आहे, ती नंतर वाचली तरी चालेल. आणि त्याआधी चौथ्या पुस्तकातला अ‍ॅबरफोर्थवरचा एक विनोद शोधून ठेवा. एका बकरीवर भलतेसलते मंत्र टाकल्याबद्दल त्याच्यावर खटला झालेला असतो. पहिल्या वाचनात सगळे हसतात. अरियाना कोणाबरोबर बकऱ्यांना चारा घालायची हे कळल्यावर चाहत्यांनी त्या बकरीवरही थिअरी रचलीय. अ‍ॅबरफोर्थचा पॅट्रोनस, म्हणजे मंत्रानं उभा राहणारा प्राण्याच्या रूपातला रक्षक, तोही बकरीचाच आहे, त्यामुळं ती थिअरी सहजासहजी उडवून लावता येत नाही.